मांजराचा मूत्रपिंडविकार
म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार वारंवार आढळतो. तहान आणि लघवी वाढते, वजन उतरते. पुढे मांजर अंग चाटणे सोडते, केस चिकटतात, ते पलंगाखालीच बसून राहते. हा रुसवा नव्हे. मळमळ आणि अशक्तपणा असतो. परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर अंगातले पाणी घटणे घातकच. पाण्याची पसरट भांडी घरात ठिकठिकाणी ठेवावीत. ओले खाणे किंचित कोमट करून द्यावे. वास उठला की भूक चाळवते. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, म्हणून एक दिवसही वाट पाहू नये. पॅरासिटामॉल कदापि देऊ नये, ते जीव घेते.  पशुवैद्यकाकडून शिकून कातडीखाली सलाईन घरीही देता येते.