दंतहीन जबडा : कवळी आणि इम्प्लांट यांमधील निवड

प्रस्तावना

सर्व दात गेल्यानंतर त्यांच्या जागी काय बसवावे, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक कुटुंबांपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. दंतवैद्य साधारणतः दोन पर्याय सांगतात : काढता-घालता येणारी कवळी किंवा हाडात बसवावयाचे इम्प्लांट. पहिला पर्याय स्वस्त व दुसरा महाग, एवढ्याच माहितीवर पुष्कळदा निर्णय होतो. ज्यांना परवडते ते इम्प्लांटकडे वळतात, इतर कवळीवर समाधान मानतात. वस्तुतः किमतीच्या आधी विचारात घ्यावयाची गोष्ट म्हणजे जबड्याचे हाड होय. ते वरच्या जबड्याचे आहे की खालच्या, किती उरले आहे आणि पुढील वर्षांत त्याचे काय होणार आहे, यावर निवडीचे बरेचसे उत्तर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात केवळ संपूर्ण दंतहीन जबड्याचा विचार केला आहे. एखाददुसरा दात गेला असता शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज बसविता येतो; तो विषय स्वतंत्र आहे.

कवळी कशावर टिकते

नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ आवरण असते. चावताना पडणारा भार हे तंतू झेलतात आणि घास मऊ आहे की त्यात खडा आहे, याची जाणीवही त्यांच्यामुळेच होते. दात गेल्यावर हा भार हिरडीच्या नाजूक आवरणावर येऊन पडतो, आणि ते आवरण या कामासाठी घडलेलेच नाही. एका जबड्यातील सर्व दातांभोवतीच्या तंतुमय आवरणाचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटीमीटर मानले जाते. त्या तुलनेत वरच्या कवळीला टेकण्यासाठी सुमारे २३ चौरस सेंटीमीटर जागा मिळते, तर खालच्या कवळीला जेमतेम १२.

या आकड्यांतच दोन्ही जबड्यांतील भेद स्पष्ट होतो. वरची कवळी संपूर्ण टाळू व्यापते. लाळेचा पातळ थर आणि कडांनी राखलेला हवाबंदपणा यांमुळे ती टाळूला धरून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालासारखी असते. तिच्या आतील बाजूस जीभ सतत हलते, बाहेरून गाल व ओठ तिला उचलतात. ‘वरची बसली, खालची मात्र तरंगते’ ही तक्रार म्हणूनच सर्वत्र ऐकू येते. तिचा दोष बहुधा कवळी बनविणाऱ्यावर जातो. माप नीट घेतलेले नसेल तर तो योग्यही असतो. परंतु हाडाचा उंचवटाच उरलेला नसेल तर कुशल दंतवैद्याच्या हातालाही मर्यादा पडते.

परिणामी कित्येकांची खालची कवळी डबीत राहते आणि लग्नकार्यापुरती बाहेर निघते. भाकरी दुधात कुस्करावी लागते. शेंगदाणे, पेरू, काकडी, मोड आलेली कडधान्ये ताटातून हळूहळू नाहीशी होतात. चणे आणि दात एकाच वेळी हाती नसण्याची म्हण मराठीत विनोदाने वापरली जाते; परंतु वार्धक्यात तंतुमय आहार सुटणे ही प्रकृतीच्या दृष्टीने विनोदाची बाब नव्हे.

हाडाची झीज

जबड्याचे दात धरणारे हाड दातांसाठीच अस्तित्वात असते. दात गेला की ते झिजू लागते. दाढा काढलेल्या जागेची रुंदी पहिल्या वर्षात जवळजवळ निम्म्याने कमी होते आणि त्यातील बहुतांश घट पहिल्या तीन महिन्यांतच घडते. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्या व्यक्तींचा २५ वर्षे मागोवा घेऊन १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खालच्या जबड्याच्या पुढील भागातील झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट असल्याचे त्यांत दिसून आले. ज्या जबड्याला मुळातच आधार कमी, तोच अधिक झिजतो. कवळी काही वर्षांनी सैल होते ती यामुळे. तेव्हा आतून नवे अस्तर देऊन घेणे किंवा कवळी नव्याने करणे हाच उपाय असतो. औषधाच्या दुकानातील चिकट पूड रोज अधिकाधिक घालणे हा नव्हे.

हाडाशी जुळणारा धातू

इम्प्लांटचा शोध दंतवैद्यकात लागलेला नाही. स्वीडनमधील पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचे निरीक्षण करीत होते. त्यासाठी बसविलेली टायटॅनियमची उपकरणे परत काढू गेल्यावर ती निघेनात. हाड धातूच्या पृष्ठभागाशी एकजीव झाले होते. या गुणधर्माच्या आधारे १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसविण्यात आले. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धती जगभर स्वीकारली गेली.

इम्प्लांट म्हणजे साधारणतः ४ मिलिमीटर व्यासाचा व १० मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू. तो बसविल्यावर हाड जुळून येण्यासाठी मूळ पद्धतीनुसार खालच्या जबड्यात सुमारे ३ व वरच्या जबड्यात सुमारे ६ महिने थांबावे लागे. आता योग्य परिस्थितीत हा काळ कमी करता येतो. मात्र ‘एका दिवसात दात’ ही जाहिरात प्रत्येक जबड्याला लागू पडत नाही. त्याच्याभोवती नैसर्गिक दातासारखे तंतू नसतात, म्हणून भार थेट हाडावर जातो. त्याला कीड लागत नाही हे खरे. पण भोवतालच्या हिरडीला सूज येऊन हाड खंगू शकते, आणि वेदना कमी असल्याने हा विकार उशिरा ध्यानी येतो.

मधला मार्ग

कवळी की इम्प्लांट, असा प्रश्न मांडला की दोन्ही एकत्र येऊ शकतात हे विसरले जाते. खालच्या जबड्यात सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारख्या जोडणीने कवळी अडकविता येते. ही जागा निवडण्यास कारण आहे. जबड्याच्या मागील भागातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, आणि हाड झिजल्यावर ती वरच्या कडेच्या जवळ येते. पुढील भागात ही अडचण नसते व हाडही घट्ट असते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने दंतहीन खालच्या जबड्यासाठी अशी दोन इम्प्लांटवरील कवळी हाच प्रथम पसंतीचा उपचार मानावा, असे मत नोंदविले. २००९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथून त्यास दुजोरा मिळाला. वरच्या जबड्याबाबत तसे म्हटले गेलेले नाही, कारण तेथे साधी कवळी बहुतेकांना पुरते. वर कवळी आणि खाली दोन इम्प्लांटवर अडकविलेली कवळी ही योजना संपूर्ण जबडाभर स्थिर दात बसविण्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते. जोडणीतील नायलॉनच्या टोप्या मात्र ठरावीक काळाने बदलाव्या लागतात.

शस्त्रक्रिया कोणाला नको

केवळ वय अधिक आहे म्हणून इम्प्लांट नाकारण्याचे कारण नाही. मधुमेह असला तरी तो आटोक्यात आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा. तंबाखूचा संबंध अधिक थेट आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण अधिक आढळते. महाराष्ट्रात मिश्री लावणाऱ्या स्त्रिया आणि गुटखा खाणारे पुरुष यांचाही विचार करावा लागतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी त्याने आखडलेली तोंडे बंदीने उघडत नाहीत. अशा तोंडात माप घेण्याचा साचाही नीट जात नाही. मग कवळी आणि इम्प्लांट दोन्ही अवघड होतात. मुखकर्करोगासाठी जबड्यास किरणोपचार झाले असल्यास हाड भरून येण्याची शक्ती घटते. हाडांच्या ठिसूळपणावर दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे, विशेषतः शिरेतून दिली असल्यास, दंतवैद्याला आवर्जून सांगावयास हवीत. त्यांच्यामुळे जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका २००३ पासून ज्ञात आहे.

ज्यांचे हात थरथरतात किंवा स्मृती क्षीण झाली आहे, त्यांच्या बाबतीत रोजची स्वच्छता कोण करणार, हे आधी ठरवावे. कवळी काढून घरातील माणसाला धुता येते. स्थिर दातांखालची सफाई दुसऱ्याने करणे कठीण. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, म्हणजे हिरडीला विश्रांती मिळते आणि बुरशीचा संसर्ग टळतो. इम्प्लांट बसविल्यास त्याच्या कंपनीचे नाव व माप लेखी घेऊन जपून ठेवावे. निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांस बसत नाहीत, आणि दहा वर्षांनी तोच दवाखाना सापडेल असे नाही.

खर्चाच्या दृष्टीने मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांचा विचार अवश्य करावा. तेथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात; खेपा अधिक होतात, पण मापाकडे घाईने पाहिले जात नाही.

निवडीचा क्षण बहुतेकांना वाटतो त्याहून आधीचा असतो. खालच्या जबड्यात शेवटी उरतात ते बहुधा सुळे, आणि ‘आता दोनच राहिले, तेही काढून टाका’ असे रुग्ण स्वतःच सांगतो. त्या सुळ्यांची मुळे मजबूत असल्यास त्यांवर रूट कॅनाल करून, वरचा भाग छाटून, मुळे तशीच ठेवून त्यांवर कवळी बसविता येते. क्रम आणि रूनी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात अशा रुग्णांच्या खालच्या जबड्याच्या पुढील भागातील हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजले; सर्व दात काढून साधी कवळी दिलेल्यांचे ५.२ मिलिमीटर.