वासरूही सोन्याचं, मंडपही सोन्याचा; बायबलमध्ये दागिन्यांचा अर्थ काय?

केरळमधल्या अनेक पेंटेकोस्टल कुटुंबांत नवरीसुद्धा दागिने घालत नाही. आधार सांगितला जातो तो पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाचा: खरी शोभा अंतःकरणाची, सोन्याची नव्हे. मग बायबल दागिन्यांच्या विरोधात आहे का? ‘निर्गम’ वाचलं तर उत्तर इतकं सोपं राहत नाही.

मिसर सोडताना इस्राएली लोकांनी तिथल्या लोकांकडून सोन्या-चांदीचे दागिने मागून घेतले. कालपर्यंत गुलाम असलेल्यांच्या अंगावर सोनं, म्हणजे सुटकेची खूणच. पुढे मोशेला सीनाय पर्वतावरून परतायला उशीर झाला आणि अहरोनाने लोकांच्या कानातली कुंडलं उतरवून त्यांचं वासरू घडवलं. मोशेने ते जाळलं, त्याची पूड केली आणि पाण्यातून लोकांनाच प्यायला लावली!

खरी गंमत ३५व्या अध्यायात आहे. देवाच्या निवासमंडपासाठी तेच लोक पुन्हा कुंडलं, अंगठ्या घेऊन येतात. इतकं येतं की ‘आता पुरे’ असं मोशेला जाहीर करावं लागतं. नोंदलेलं सोनं २९ किक्कार ७३० शेकेल, आजच्या मापात साधारण १ टन.

महायाजकाच्या ऊरपटावर तर १२ रत्नं होती. प्रत्येकावर इस्राएलच्या एकेका वंशाचं नाव कोरलेलं. पवित्रस्थानात जाताना तो ही नावं छातीवर वागवायचा. हा दागिना त्याच्या थाटाचा नव्हता, लोकांची आठवण देवापुढे नेण्याचा होता.

आणि पेत्राच्या त्या पत्रात, सोन्याचा उल्लेख असलेल्या त्याच वाक्यात वस्त्रं घालण्याचाही उल्लेख आहे. कपडे सोडा, असा अर्थ मात्र त्यातून कुणी काढत नाही.