एकाकी वृक्कातील रक्तप्रवाहाचे नियमन

एक वृक्क काढल्यावर उरलेल्या वृक्कात नवे वृक्काणू निर्माण होत नाहीत. असलेल्यांचेच कार्य वाढते. केशिकागुच्छांस रक्त पुरविणाऱ्या अभिवाही रोहिणिका विस्फारतात, त्यांचा रोध घटतो व रक्तप्रवाह वाढतो. त्यामुळे निरोगी दात्याची एकूण गाळणक्षमता निम्म्यावर न थांबता पूर्वीच्या सुमारे ६५ ते ७० टक्के राहते.

मात्र या अनुकूलनास मर्यादा आहे. उंदरांच्या एकूण वृक्कभागाचा पाच-षष्ठांश काढला असता विस्फारित रोहिणिकांतून धमनीतील दाब केशिकागुच्छांपर्यंत पोहोचतो व ते हळूहळू काठिण्य पावतात. वृक्करोगाच्या उत्तरोत्तर वाढीची ब्रेनर व सहकाऱ्यांची १९८२ ची उपपत्ती याच निरीक्षणांवर उभी आहे. निरोगी दात्यात हा धोका अल्प असतो. तथापि त्याच्या रक्तदाबाची तपासणी आजन्म चालू ठेवणे अगत्याचे आहे.