खाणीतलं तळं आणि गटाची सहल

पीक घरात आलं, फराळाचे डबे रिकामे झाले, की गटांच्या सहलींचे बेत सुरू होतात. आमच्या मुंबई उपनगरातल्या गटांनी यंदा कोल्हापूर गाठलं. अंबाबाईचं दर्शन तर होतंच, पण संध्याकाळ आम्ही रंकाळ्यासाठी राखून ठेवली होती. आज त्या रंकाळ्याबद्दलच बोलू या. ते तळं मुळात दगडाची खाण आहे, आणि अशी पाण्यानं भरलेली खाण तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या शिवारात असेल.

फार जुन्या काळी, हजार-बाराशे वर्षांपूर्वी, रंकाळ्याच्या जागी दगड काढत. अंबाबाईच्या देवळाचा दगड इथूनच गेला असं सांगतात. मग भूकंप झाला, जमिनीतलं पाणी वर आलं आणि खाण भरली, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकिकत आहे. आत रंकभैरवाचं देऊळ होतं, म्हणून नाव रंकाळा. जवळच मोठा नंदी आहे. तो म्हणे रोज गव्हाभर पुढं सरकतो नि तांदळाभर मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. तांदूळ आंबेमोहोर धरायचा की बासमती, यावर आमच्या बायकांनी परतीच्या वाटेवर तासभर वाद घातला!

आता तिथं घाट आहेत, बाग आहे, चौपाटीवर भेळ आणि भाजलेलं कणीस मिळतं. एका काठाला शालिनी पॅलेस, पाण्यात संध्यामठ. पाणी उतरलं की मठ चांगला दिसतो. हे सगळं बघताना कांदिवलीच्या एक ताई म्हणाल्या, "अहो, ही तर आमच्याकडच्यासारखी खाणच की!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. मुंबईची उपनगरंही दगड फोडूनच वाढली. फोर्टातल्या मोठ्या वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याचा आणि मालाडचा दगड लागला आहे. अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या कातळाचा सुळका आहे, सुमारे दोनशे फूट उंच आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वर गावदेवीचं देऊळ आहे. त्याच्या भोवतीचा दगड खाणवाल्यांनी नेला, म्हणून तो एकटा उभा राहिलेला दिसतो. जिथं दगड जमिनीच्या खाली खोल काढला, तिथं खड्डे राहिले आणि पावसाळ्यात ते भरले. दर पावसाळ्यात अशा एखाद्या खड्ड्यात पोर बुडाल्याची बातमी येतेच.

असं का होतं ते समजून घेऊ. गावच्या तळ्याला उतार असतो. म्हैस हळूहळू आत जाते, पाणी आधी गुडघ्याला, मग पोटाला लागतं. खाणीला तसा उतार नसतो. दगड सुरुंगानं फोडून टप्प्याटप्प्यानं खाली काढलेला असतो, त्यामुळे काठ भिंतीसारखा सरळ आणि आतला टप्पा पाण्याखाली झाकलेला. पोरगं कमरेइतक्या पाण्यात उभं असतं, एक पाऊल पुढं टाकतं आणि तिथं वीस-तीस फूट खोल असू शकतं. दगडावर शेवाळ, धरायला गवताची काडी नाही. वरचं पाणी उन्हानं कोमट आणि हातभर खाली एकदम गार, त्यानं दम कोंडतो. म्हणून चांगली पोहणारी मुलंही अशा पाण्यात बुडतात.

कोणी बुडताना दिसलं तर मागं उडी मारू नका. आई मुलासाठी उडी मारते आणि दोघंही जातात. साडीला गाठ मारून टोक फेका, बूच लावलेला रिकामा कॅन फेका, लांब बांबू द्या. एकीनं ११२ ला फोन लावायचा, रुग्णवाहिकेसाठी १०८. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून पोटातलं पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं. हे आरोग्य केंद्रातून शिकून घ्या, गटाच्या एका बैठकीत होण्यासारखं आहे.

खाणीच्या पाण्याचं आणखी एक. कातळात पाणी फारसं मुरत नाही, म्हणून ते उन्हाळ्यातही टिकतं. पण बाहेर जायला वाट नसेल तर आत गेलेली घाणही तिथंच राहते. रंकाळ्यात वर्षानुवर्षं वस्तीचं सांडपाणी गेलं आणि केंदाळ माजलं, पाणी हिरवंगार झालं. ते निस्तरायला फार खर्च आणि वेळ लागतो. रंकाळ्याशेजारीच इराणी खण आहे, तीही जुनी खाणच. पंचगंगा नदी वाचावी म्हणून गणपतींचं विसर्जन तिथं होतं. आम्हाला ही व्यवस्था शहाणपणाची वाटली.

आपल्या गावच्या खाणीचं काही करता येईल का, असं बऱ्याच गटांनी विचारलं. छत्तीसगडमध्ये सूरजपूर जिल्ह्यात केनापारा इथं कोळशाची बंद पडलेली उघडी खाण पाण्यानं भरली. तिथं आता बोटी चालतात, पिंजऱ्यात मासे वाढवतात आणि बोटींचं काम बचत गटाच्या बायका बघतात. तेव्हा होण्यासारखं आहे. पण आधी सातबारा काढून जागा कोणाची ते बघा, ग्रामसभेचा ठराव घ्या, खोली मोजून घ्या आणि काठाला कुंपण घाला. पाणी तपासल्याशिवाय मासे सोडू नका, प्यायला तर अजिबात घेऊ नका.

रंकाळ्याला जाणार असाल तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्या आजींना फुकट. आधार कार्ड जवळ ठेवा. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभरात पोचवते, दादर, ठाणे, कल्याणला थांबते. देवळातून रंकाळ्यापर्यंत पायी जाता येतं. कुठंही बोटीत बसताना आधी लाईफ जॅकेट मागा, लहानग्यांच्या मापाचं आहे का तेही विचारा, आणि नसेल तर काठावर बसून भेळ खा.