ऐब टांकसाळीचा की हातोडीचा?

ताग्यातला दोष मागावर पडला की नंतर उंदराने कुरतडला, हे धागा पाहताच आम्ही कापडवाले ओळखतो. नाण्यांचेही तसेच आहे. वेडेवाकडे नाणे ‘टांकसाळीची चूक’ म्हणून चढ्या भावाने विकणारे पुष्कळ आहेत. तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांनी पैसे मोजण्यापूर्वी भिंग व सराफी काटा हाताशी ठेवावा.

ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उठावाची रेघ येते. रेघ खोल असेल व कडेला धातू सरकलेला दिसला, तर तो नंतरचा ओरखडा समजावा. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूस उलटे, खोलगट चित्र उमटते. दोन नाणी एकमेकांवर ठेवून ठोकली, तर मूळ चित्रावरच उलटी अक्षरे बसतात. १९९२ साली आलेल्या पोलादी रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम होते. तो काट्यावर बराच हलका भरला आणि अक्षरेही विरलेली असली, तर अ‍ॅसिडचा संशय घ्यावा.

जुन्या नाण्यांच्या सौद्यात आपल्या नावाने कमिशन व कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावले होते.

मालाचा ऐब लपवून विकणे आपल्याकडे जायज नाही. मग ऐब मुद्दाम घडवून विकणाऱ्याच्या कमाईत बरकत कुठून येणार?