हाक मारण्याचा अधिकार

सातारा, कोल्हापूर किंवा नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील एखाद्या मोठ्या गावच्या बाजारात ‘मेजर’ अशी हाक दिली, तर दोन-चार माणसे तरी मागे वळून पाहतील. त्यांतील कोणी नाईक म्हणून निवृत्त झालेला असेल, कोणी हवालदार, कोणी सुभेदार. मेजर मात्र बहुधा एकही नसेल. गावाच्या लेखी पलटणीत जाऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. सुभेदार-मेजर, हवालदार-मेजर ही पदनामे शिपायांच्या बाजूलाही असल्यामुळे तो शब्द गावाला परका नाही आणि त्यामागची आपुलकीही खोटी नाही. परंतु ज्या संस्थेत या माणसाने उमेदीची पंधरा-वीस वर्षे घालविली, तेथे हवालदाराला कोणी ‘मेजर’ म्हटले असते, तर ती एक तर थट्टा ठरली असती, नाही तर बेशिस्त. एकच शब्द वेशीच्या आत गौरव आणि छावणीच्या आत प्रमाद का ठरावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण माणसाच्या कष्टाचे मोल समाज कोणत्या नाण्यात चुकते करतो, या मोठ्या प्रश्नाशी त्याचा धागा जुळलेला आहे.

लष्कर म्हणजे हुकूम आणि सलाम, अशी सर्वसामान्य समजूत आहे. वस्तुतः पदांची टोपणनावे लष्कराइतकी अन्य कोणत्याही संस्थेत क्वचितच आढळतील. अमेरिकी भूदलात कंपनीच्या फर्स्ट सार्जंटला ‘टॉप’ म्हणतात, मरीन दलात गनरी सार्जंटला ‘गनी’ म्हणतात, लेफ्टनंटचा ‘एल-टी’ होतो. ब्रिटिश पायदळातील कलर सार्जंटला नुसते ‘कलर’ म्हणून संबोधतात. ब्रिटिश आरमारात जहाजाच्या फर्स्ट लेफ्टनंटला कप्तान ‘नंबर वन’ म्हणतो आणि खलाशी त्याच अधिकाऱ्याचा उल्लेख त्याच्या अपरोक्ष ‘जिमी’ असा करतात. अधिकारी एकच, टोपणनावे दोन. आणि कोणते कोणाच्या तोंडी शोभते हे जहाजावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. गंमत अशी, की चित्रपटांमुळे जगभर पसरलेले ‘सार्ज’ हे संबोधन मरीन दलात मुळीच चालत नाही. तेथे सार्जंटला त्याच्या पुऱ्या पदनामानेच हाक मारावी लागते. बाहेरच्याला जे सलगीचे वाटते, ते आतल्याला अवमानाचे वाटू शकते.

या व्यवहाराचे काही अलिखित नियम आहेत. पहिला दिशेचा. वरिष्ठाने कनिष्ठाला टोपणनावाने हाक मारणे सोपे असते. कनिष्ठाने वरिष्ठाला तसे म्हणायचे, तर वरिष्ठाची संमती लागते आणि ती बहुधा शब्दांनी दिली जात नाही. दुसरा नियम स्थळकाळाचा. मेसमध्ये, खंदकात किंवा लांबच्या कूचीत जे चालते, ते कवायतीच्या मैदानावर, चौकशीच्या वेळी किंवा परक्या माणसासमोर चालत नाही. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. टोपणनाव वापरण्याचा अधिकार सहवासातून आणि सोसण्यातून येतो. मरीन तुकडीबरोबर आरमाराचा जो वैद्यकीय सेवक जातो, त्याला शिपाई ‘डॉक’ म्हणू लागले, म्हणजे त्यांनी त्याला आपला मानले, असे समजण्यात येते. ती हाक आदेशाने मिळत नाही आणि मागून तर मुळीच मिळत नाही.

भारतीय भूदलात या शिष्टाचाराने एक आगळे रूप घेतले आहे. बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट प्लॅटूनचा प्रमुख होतो, तेव्हा त्याच्या हाताखाली असा एखादा सुभेदार असतो, की ज्याची नोकरी लेफ्टनंटच्या वयाएवढी झालेली असते. नियमाप्रमाणे सुभेदाराने लेफ्टनंटला सलाम करावयाचा, आणि तो करतोही. परंतु लेफ्टनंट त्याला नावाने हाक मारीत नाही. ‘सुभेदार साहेब’ किंवा नुसते ‘साहेब’ म्हणतो. पलटणीचा सुभेदार-मेजर तर खुद्द कमांडिंग ऑफिसरच्याही तोंडी ‘साहेब’च असतो. इंग्रजी अमदानीत ज्यांना व्हाइसरॉयचे कमिशन मिळे, त्या जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर यांच्यापासून चालत आलेली ही रीत आहे. स्वातंत्र्यानंतर हा वर्ग ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर या नावाने ओळखला जाऊ लागला, १९६५ साली जमादाराचा नायब सुभेदार झाला. ‘साहेब’ मात्र टिकला. हुकूम देण्याचा अधिकार एकाचा आणि अनुभव दुसऱ्याचा, ही जी अडचण कचेरीत आणि कारखान्यात रोज ठिणग्या उडविते, तिच्यावर पलटणीने एका शब्दाचा तोडगा काढला आहे.

टोपणनाव कोणी दिले, यावरही त्याचे मोल ठरते. भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा हे ‘किपर’ म्हणून ओळखले जात. त्यांचे नाव उच्चारणे जड जाते म्हणून एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पत्नीने ते पाडले. शब्दाचा अर्थ पाहू जाता, किपर म्हणजे खारवून धुरी दिलेला मासा. पुढे फील्ड मार्शल झालेल्या या करारी पुरुषाने ते नाव खिलाडूपणे वागविले. पण त्याचा उगम राज्यकर्त्यांच्या जिभेच्या सोयीत होता, हे विसरता येत नाही. याउलट माणेकशा यांना ‘सॅम बहादूर’ हे नाव गुरख्यांकडून मिळाले. ‘बहादूर’ हे गुरख्यांच्या स्वतःच्या नावांत येणारे पद. ते पारशी सेनापतीच्या नावाला जोडणे म्हणजे त्याला कुळात घेणे होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपायाला ‘गणपत’ म्हणण्याची जुनी चाल अशीच दुधारी आहे. पलटणीत एकमेकांना म्हणताना त्यात अभिमान असतो. परक्याने म्हटले, तर हजारो माणसांना एका नावात कोंबल्यासारखे होते.

बाहेरून लादलेल्या नावाचे काय होते, याचा दाखला महाराष्ट्राला लांब शोधावयास नको. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ हा चित्रपट १९७५ साली आला आणि ते नाव घरोघरी गेले. चित्रपटातील विनोद निर्विष होता. पण आज रस्त्यावरच्या पोलिसाला ‘पांडू’ म्हणणाराच्या मनात प्रेम असते, असे कोणी म्हणणार नाही.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. लोकशाहीत पदांचे एवढे स्तोम कशाला? माणसाला माणूस म्हणून हाक मारावी; हे हवालदार आणि सुभेदार सरंजामशाहीचे अवशेष नव्हेत काय? शब्द जुने आहेत, यात शंका नाही. शिवकालीन पागेत पंचवीस बारगीरांवर एक हवालदार असे. हवालदार, सुभेदार, नाईक, सरनोबत ही पदे पुढे आडनावे होऊन बसली. परंतु ज्या समाजात माणसाला हाक कशी मारावयाची हे त्याच्या जातीवरून ठरत होते, त्या समाजात कमावलेले पद ही लहान क्रांती होती. गावात ज्याला लहान पोरही ‘अरे’ म्हणे आणि ज्याचे नाव शेवटी ‘या’ जोडल्यावाचून उच्चारले जात नसे, तोच माणूस पलटणीत हवालदार किंवा सुभेदार होत असे. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ यांचा उल्लेख आजही ‘सुभेदार रामजी’ असाच होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज करण्यात पुढाकार घेतला. त्या मागणीत भाकरीचा प्रश्न होता, तसाच हाकेचाही होता. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. ज्याला जन्माने मानाची हाक मिळाली, त्याला पदनाम सोडून देणे परवडते. ज्याने ती घाम गाळून मिळविली, त्याला ते परवडत नाही. घटनाकारांनीही हा विवेक दाखविला आहे. राज्याने कोणालाही किताब देऊ नये, असे अठरावे कलम सांगते. मात्र त्यातून दोन गोष्टी वगळते. एक लष्करी पदाचा मान, दुसरा विद्येचा.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. प्रतिष्ठेच्या व्यवसायांत मोबदल्याचा मोठा भाग मानाच्या रूपाने दिला जातो, हे अॅडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले आणि शिपायाचा पगार साध्या मजुरापेक्षाही कमी असल्याचे त्याच ठिकाणी नोंदविले. मान हा वेतनाचा भाग असेल, तर चुकीची हाक ही वेतनातील कपात ठरते. आणि तिची दाद कोणत्याही लेखा कार्यालयात मागता येत नाही.

ही कपात समाज नकळत करीत असतो. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या घोषणेने ‘जवान’ या शब्दाला तेज आले. परंतु सीमेवर पडलेला सुभेदार असो वा मेजर, वृत्तपत्राच्या मथळ्यात सरसकट ‘जवान’ होतो. अठ्ठावीस वर्षांची नोकरी आणि पायरी पायरीने चढलेला जिना त्या एका शब्दात पुसला जातो. २०२२ च्या अग्निपथ योजनेने प्रश्न अधिक नाजूक केला आहे. अग्निवीर हे अन्य पदांहून वेगळे पद ठरविण्यात आले असून चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतील पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलांना कायम करण्याची त्यात तरतूद आहे. उरलेला तरुण नाईकही न होता गावी परतेल. गाव त्यालाही सवयीने ‘मेजर’ म्हणेल, की ‘परत आलेला’ म्हणेल? वेतनाचा रोख भाग सरकार ठरवील. हाकेचा भाग गावालाच ठरवावा लागेल.

सर्व नागरिकांनी लष्करी शिष्टाचार पाठ करावा, असा याचा अर्थ नाही. बापाला मुलगा ‘दादा’ म्हणेल, बालमित्र एकेरीत बोलावील. ते हक्क पलटणीहून जुने आहेत. पारावरच्या ‘मेजर’मध्येही आपुलकी असेल, तर ती तोडण्याचे कारण नाही. पण शाळेच्या ध्वजवंदनाला पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाचे पद आधी विचारून घ्यावे आणि फळ्यावर ते अचूक लिहावे. कायदा व प्रथा पद निवृत्त करीत नाहीत, माणूस निवृत्त होतो. म्हणून ‘निवृत्त’ हा शब्द नावाच्या नंतर घालावा. निवृत्तिवेतनाच्या खिडकीशी हयातीचा दाखला घेऊन उभ्या असलेल्या वृद्धाच्या कागदावर पद लिहिलेलेच असते. कारकुनाने ते वाचून ‘या, सुभेदार साहेब’ एवढे म्हटले, तर सरकारी तिजोरीतून एक पैसाही जादा जाणार नाही, आणि त्या माणसाच्या मिळकतीचा थकलेला भाग त्याच्या पदरात पडेल.