बाईंचा मोबाईल आणि वर्गातली मुलं
(सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)



मी गेली बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावात मला सगळे 'बाई' म्हणूनच ओळखतात. आज बोलायचं आहे ते बाईंच्या हातातल्या मोबाईलबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणी मुलांच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असाल. काही जणी माझ्यासारख्या शिक्षिका असाल, कुणी अंगणवाडी चालवत असाल. त्यामुळे हा विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी तिसरीतली एक मुलगी वाचनात फार मागे होती. एक दिवस तिने अक्षराला अक्षर जोडत अख्खा परिच्छेद वाचला. मला इतका आनंद झाला की मी व्हिडिओ काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'तीन महिन्यांपूर्वी एक शब्द येत नव्हता, आज बघा!' भराभर अंगठे आले, टाळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई चुलीपुढे होती. मान वर न करताच म्हणाली, "बाई, तुम्ही कौतुकच केलंत. पण आता सगळी पोरं तिला 'ढ' म्हणून चिडवतायत. माझ्या माहेरापर्यंत गेला तो व्हिडिओ."

मी तो काढायला गेले. पण पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकायला ठराविकच मुदत असते, ती उलटून गेली होती. मुदतीत काढला असता तरी ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांच्याकडून कसा परत आणणार? मुलगी पाचव्या दिवशी शाळेत आली. पण मोठ्याने वाचायला पुन्हा उभी राहिली ती दिवाळीनंतर.

म्हणून मोबाईल बंद करून टाकावा का? मुळीच नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आमचा धडा मुलांपर्यंत न्यायला हाच फोन होता. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून त्यांनी कविता, गोष्टी, पाठ मुलांच्या हातात दिले. पुढे ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आम्हा शिक्षकांचा आपसातला ग्रुप तर मला फार उपयोगी पडतो. एक-दोन शिक्षकी शाळेत अडलं तर विचारणार कुणाला? माझ्या मुलांना दशक सुटं करून करायची वजाबाकी काही केल्या कळत नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला होता. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, त्यातला एक सोडायचा आणि सुट्यांत मिळवायचा. मी दुसऱ्याच दिवशी तसं केलं आणि मुलांना जमलं. नंतर माझ्या लक्षात आलं, त्या व्हिडिओत एकही मूल नव्हतं. होते फक्त बाईंचे हात आणि काड्या.

मला माझ्या चुकीचं उत्तर तिथे सापडलं. शिकणं दाखवावं, मूल दाखवू नये. वहीतलं चित्र, मातीचा किल्ला, फळ्यावरचं गणित, पाठमोरा बसलेला वर्ग, हे खुशाल पाठवावं. चेहरा, नाव, गुण, कोण नापास, कुणाची फी राहिली, कुणाला गणवेश फुकट मिळाला, हे ग्रुपवर नको. ते त्या घराशी बोलायचं, फोन करून किंवा उंबऱ्यावर जाऊन.

कायदाही आता हेच सांगतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. म्हणून जूनमधल्या पालकसभेतच विचारून घ्यावं आणि लिहून घ्यावं. मुलालाही विचारावं. 'नको' म्हणालं तर विषय संपला.

दुसरी गोष्ट फोन नंबरची. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या ग्रुपमधल्या एका आईला रात्री-अपरात्री 'हाय'चे मेसेज येऊ लागले. तिने नवऱ्याला सांगितलं नाही, मला सांगितलं, कारण सांगितलं असतं तर फोनच काढून घेतला गेला असता. तेव्हापासून मी सूचना ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवते. त्यात मेसेज सगळ्यांना जातो, पण एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. मात्र बाईंचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेला असेल तरच तो मेसेज पोचतो, एवढं लक्षात ठेवा. ग्रुप ठेवायचाच असेल तर 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवतील' अशी सोय आहे, ती लावावी.

तिसरी गोष्ट, घरात फोन एकच असतो. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो. त्यामुळे दुपारी पाठवलेला अभ्यास रात्री नऊला उघडतो. मूल तेव्हा पेंगुळलेलं असतं आणि सकाळी अभ्यास झाला नाही म्हणून ओरडा खातं. म्हणून अभ्यास फळ्यावरच लिहून द्यायचा. फोनवर यावी ती फक्त आठवण.

आणि शिक्षिका मैत्रिणींनो, थोडं आपल्याबद्दल. आपलं घरचं खातं आणि शाळेचं खातं वेगळं ठेवा. विद्यार्थ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामवर मित्र करू नका. मुलाला एकट्याला मेसेज नको, पालकांना करा. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनेही कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले, त्यातही खाती वेगळी ठेवायला सांगितलं आहे. रात्री आठनंतर मी उत्तर देत नाही, हे मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते. कुणालाही राग आला नाही.

आयांनो, तुम्हीही विचारा. 'बाई, हा फोटो कुठे जाणार?' असं विचारणं म्हणजे बाईंवर अविश्वास नव्हे. कुणी मुलाच्या फोटोचा गैरवापर केला तर गप्प बसू नका. मेसेज पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे नंबर आहेत. दोन्ही आज वहीत लिहून ठेवा.

ती मुलगी आता आठवीत आहे. मागच्या महिन्यात रस्त्यात भेटली, हातात वाचनालयाचं पुस्तक होतं. फोटो काढायचा मोह मला झालाच. मग विचारलं, "काढू का गं?" ती हसली आणि म्हणाली, "काढा, पण कुणाला पाठवू नका." तो फोटो माझ्याकडे आहे. कुणालाही पाठवलेला नाही.